सहा बर्नर की मधोमध बसवलेला तवा?

पत्र : मावशी, नमस्कार. जुळे सोलापुरात आमचं घर बांधून होत आलंय, आता ओट्याचं काम काढलंय. घरात आम्ही सात जण. सासूबाई, आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि दोन मुलं. माझा भाऊ अमेरिकेत असतो. त्याचं ऐकून यजमानांनी शेगडीऐवजी ९० सेंटीमीटरची, खाली ओव्हन असलेली गॅस रेंज घ्यायचं ठरवलंय. तिच्यात दोन प्रकार आहेत, किंमत जवळपास सारखीच. एकात सहा बर्नर, दुसरीत चार बर्नर आणि मधोमध कायमची बसवलेली ग्रिडल, म्हणजे तव्यासारखी भाजायची सपाट प्लेट. यजमान आणि मुलं म्हणतात ग्रिडलवालीच घ्या, रविवारी डोसे होतील. जाऊबाईंना कडक भाकरीच्या ऑर्डरी घ्यायच्यात, त्यांनाही तीच हवी. सासूबाई म्हणतात, "त्या पत्र्यावर मला भाकरी यायची न्हाई. माझा तवा कुठं ठिवायचा तेवढं सांगा." रोज सोळा-अठरा भाकरी होतात आणि त्यातल्या बऱ्याच मीच करते. कुणाचं मन मोडायचं नाही, पण तिथं रोज उभं मलाच राहायचंय. काय करू?
– एक वाचक, जुळे सोलापूर

ताई, नमस्कार.

आधी उत्तर सांगते, कारणं मागून. बसवलेली ग्रिडल घेऊ नका. बर्नरवाली रेंज घ्या आणि डोसे-धिरड्यांसाठी वर ठेवायची जाड लोखंडी प्लेट वेगळी घ्या. तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मी तीनदा वाचलं. रोज जी उभी राहते तिचं म्हणणं आधी, असं मला मनापासून वाटतं. पण केवळ तेवढ्यासाठी हे उत्तर दिलेलं नाही.

तुमच्या भावाचं काही चुकलेलं नाही. तिकडे या रेंज ३६ इंची आणि ४८ इंची अशाही मापात येतात. ४८ इंचीत सहा बर्नर राहूनही शेजारी फूटभर रुंदीची ग्रिडल मावते, त्यामुळं तिथं कशावर पाणी सोडायचं हा प्रश्नच येत नाही. ३६ इंच म्हणजे तुमची ९० सेंटीमीटर. हिच्यात ग्रिडल आली की दोन बर्नर गेलेच. म्हणून ग्रिडल चांगली की वाईट हे सोडा. तुमच्या घरात ती दोन बर्नरांच्या तोलाची आहे का, तेवढंच बघायचं.

मी अशा ग्रिडलवर स्वतः स्वयंपाक केलाय. भाचीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीत चार महिने होते. तिच्या घरी अशीच रेंज होती आणि मी सोलापुराहून ज्वारीचं पीठ नेलेलं होतं. पहिल्याच दिवशी हौसेनं भाकरी थापली आणि ग्रिडलवर टाकली. वरून पाण्याचा हात फिरवला. आपला तवा मध्ये किंचित खोलगट असतो, त्यामुळं भाकरीवरून घरंगळलेला थेंब तव्यावरच चर्र होऊन उडून जातो. ग्रिडल सपाट आणि समोरच्या पन्हळीकडं जरा उतरती. पाणी आणि वरचं सैल पीठ मिळून एक पांढरी रेघ पन्हळीत गेली आणि तिथं लापशीसारखी चिकटून बसली. भाकरी उलटली तर मधला भाग भाजलेला, ग्रिडलच्या कडेला आलेली बाजू पांढरीफटक. कडांना आच कमी पोचते. आणि मग खरी पंचाईत. भाकरी फुगवायची कुठं? आपण तवा बाजूला सारतो आणि भाकरी थेट जाळावर धरतो. ग्रिडल बाजूला सरत नाही, तिच्याखालचा जाळ दिसतसुद्धा नाही. चिमट्यात भाकरी धरून शेजारच्या बर्नरपर्यंत न्यायची, तिथं फुगवायची, परत येऊन दुसरी उलटायची. चौथ्या भाकरीला मी भाचीला म्हटलं, तुझ्याकडं साधा तवा आहे का गं?

म्हणजे सासूबाई न बघताच बरोबर बोलल्यात. त्यांच्या म्हणण्याला हट्ट समजू नका. चाळीस-पन्नास वर्षं हात ज्या खोलगट लोखंडावर चालला, त्याला सपाट पत्रा परका वाटणारच.

पण समजा, सवय झाली. तरी तुमचा वेळ वाचेल का? इथंच लोकांची गफलत होते. मोठा तवा म्हणजे झटपट काम, असं वाटतं. तीस सेंटीमीटर रुंद आणि पन्नास खोल ग्रिडलवर आपली वीत-सव्वा वीत व्यासाची भाकरी दोनच मावतात. आणि दोन मावल्या तरी त्या थापणारे हात दोनच. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा नसतो, त्यात ग्लुटेनच नाही. गरम पाण्यानं पीठ भिजवायचं, तेवढ्यापुरता गोळा मळायचा, थापायचा आणि लगेच तव्यावर. चपात्यांसारख्या दहा लाटून रचून ठेवू म्हटलं तर कडा चिरतात, उचलताना तुटतात. एक भाकरी थापून होईपर्यंत तव्यावरची आधीची पाणी सुकून उलटायला आलेली असते. हा मेळ आजी-पणजीपासून बसलेला आहे. भाकरी हाताच्या वेगानं होते, तव्याच्या वेगानं नाही. त्यात तवा दुप्पट केला तर एक भाकरी वाट बघत करपते, एवढंच.

तुमचा वेळ खरंच वाचवायचा असेल तर दुसऱ्या बर्नरवर दुसरा तवा चढवा आणि सासूबाईंना किंवा जाऊबाईंना भाजायला घ्या. एकीनं थापायचं, दुसरीनं भाजायचं-फुगवायचं. सोळा भाकरी अर्ध्या तासात होतात. त्यासाठी लागतो बर्नर. त्याच वेळी एकीकडं पातळ भाजीचं पातेलं, एकीकडं कुकर, मुलांचं दूध. सात माणसांच्या घरात चार बर्नर सकाळी साडेसातला कसे भरतात ते तुम्हाला मी काय सांगू.

आता मुलांची बाजू, कारण तीही खरी आहे. त्याच ग्रिडलवर एका रविवारी मी मिश्र डाळींची धिरडी केली. घरात अकरा माणसं. पीठ आधीच भिजवून वाटून तयार. हातभर ग्रिडलवर वीतभराहून लहान अशी सहा धिरडी एका वेळी बसली. तीन-तीन मिनिटांत सहा. वीस-पंचवीस मिनिटांत ताटं वाढली गेली आणि मीही सगळ्यांबरोबर जेवायला बसले. ताई, गरम धिरडं स्वतः करून स्वतःच गरम खाणं, हे मला तोपर्यंत ठाऊकच नव्हतं. आपल्याकडं करणारी शेवटी बसते, तोवर तिच्या वाट्याचं गार झालेलं असतं. ग्रिडलनं मला जे दिलं ते हे, आणि ते मी कमी लेखणार नाही. जिथं पीठ पळीनं ओतायचं असतं, तिथं हात मोकळा असतो आणि जागाच कमी पडते. डोसे, उत्तप्पे, धिरडी, आप्पेपात्रात न मावणारी सगळी मंडळी. थालीपीठं आणि आपली धपाटीही त्यातच, ती ओल्या फडक्यावर आधी थापून ठेवता येतात. फक्त धपाट्याच्या मधल्या भोकात सोडलेलं तेल सपाट पत्र्यावर पसरून जातं, खोलगट तव्यासारखं बुडाशी साचत नाही, म्हणून तेल जरा जास्त लागतं.

तुमच्या घरी रोज सकाळी डोसे-उत्तप्पे होत असते, तर मी उलटं उत्तर दिलं असतं. सोलापुरात अशी घरं खूप आहेत. साखर पेठेकडच्या माझ्या एका तेलुगू मैत्रिणीच्या घरी डोशाचं पीठ संपलेलं मी कधी पाहिलं नाही. तिला मी म्हटलं असतं, खुशाल घे. पण तुमच्या पत्रात डोसा रविवारचा आहे आणि भाकरी रोजची.

गॅसचंही बघा. बसवलेल्या ग्रिडलची प्लेट जाड असते, कुठं सहा मिलिमीटर, कुठं बारा. ती नीट तापायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तिच्याखालचा बर्नर साधारण साडेचार किलोवॅटचा असतो. पंधरा मिनिटं पूर्ण आचेवर ठेवला तर ऐंशी-नव्वद ग्रॅम गॅस नुसता तापवण्यात जातो. रोज केलं तर महिन्याला अडीच किलो, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमधला सहावा हिस्सा, एकही घास शिजायच्या आधी. आपला किलो-सव्वा किलोचा तवा दोन-तीन मिनिटांत तापतो. आणि तापलेलं जाड लोखंड गॅस बंद केल्यावर अर्धा तास धगधगत राहतं. न्यू जर्सीच्या थंडीत ते बरं वाटायचं. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर असताना त्या धगीसमोर उभं राहून बाकीचा स्वयंपाक करायचा, याचा विचार आत्ताच करा.

धुणं ही आणखी एक गोष्ट. तवा उचलून मोरीत नेता येतो. ग्रिडल जागेवरच साफ करावी लागते. गरम असताना उलथन्यानं खरवडायची, थोडं कोमट पाणी टाकून पुसायची, खालचा तेलाचा ट्रे रोज काढून धुवायचा. ट्रे राहिला तर दुसऱ्या दिवशी वास आणि तिसऱ्या दिवशी झुरळं. प्लेट बिडाची असेल तर कोपऱ्यात राहिलेल्या पाण्यानं गंज धरतो, स्टीलची असेल तर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात. आपल्या गावात नळाला रोज पाणी येत नाही. भांड्यांचं पाणी आपण कसं पुरवून वापरतो ते तुम्ही जाणताच.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, पण विचारते. घरात अंडं खातात का? मुलं वयात आली की बहुतेक घरांत आम्लेट शिरतं, निदान एका कोपऱ्यात, वेगळ्या तव्यावर. वेगळा तवा असतो म्हणूनच सासूबाईही कानाडोळा करतात. बसवलेली प्लेट एकच. सकाळी तिच्यावर आम्लेट आणि संध्याकाळी तिच्यावरच नैवेद्याची पुरणपोळी, हे सासूबाईंना चालेल का? भोगीच्या दिवशी, सिद्धरामेश्वरांच्या अक्षता सोहळ्याला निघायच्या आधी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी त्या कशावर करतील? ज्या घरात चालतं तिथं प्रश्न नाही. ज्या घरात चालत नाही तिथं दोन लोखंडी तवे जी शांतता राखतात, ती रेंज राखू शकत नाही.

आता जाऊबाई. त्यांचं मन मोडू नका, कारण कडक भाकरीच्या बाबतीत त्या बऱ्याच अंशी बरोबर आहेत. कडक भाकरी पातळ थापायची, दोन्हीकडून भाजायची, आणि मग मंद आचेवर ओल पूर्ण जाईपर्यंत कडक होऊ द्यायची. फुगवायचं काम नाही, जाळाची गरज नाही, घाई नाही. हवी ती पसरट, एकसारखी, मंद आच. जाड प्लेट याच कामाची असते. भाकरी टिकते ती त्यातली ओल गेल्यामुळंच. मधे कुठं ओलसर राहिली तर पुडक्यात बुरशी येते आणि गिऱ्हाईक परत येत नाही.

पण ऑर्डरीचं काम घरच्या रेंजवर, घरच्या सिलिंडरवर करू नका. १४.२ किलोचा सिलिंडर घरगुती वापरासाठीच असतो. धंद्याला १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो, शिवाय खाण्याच्या वस्तू विकायच्या म्हणजे अन्नसुरक्षेची नोंदणी आली. जाऊबाई खरंच मनावर घेणार असतील तर मागच्या पडवीत त्यांना वेगळी शेगडी आणि मोठी प्लेट मांडून द्या. तिच्यावर एका वेळी चार-सहा भाकरी कडक होतील, रेंजवरच्या ग्रिडलवर दोनच झाल्या असत्या. शंभर भाकरीची ऑर्डर आली तर घरातलं जेवणही अडणार नाही. असं सांगितलंत तर त्यांना नकार वाटणार नाही.

घरातल्या डोशांसाठी वेगळी प्लेट कशी घ्यायची ते सांगते. लोखंडाची, पाच मिलिमीटर जाड, २८ बाय ४५ सेंटीमीटरच्या आसपास. तिचं वजन पाच किलोच्या घरात जातं, म्हणजे एकीला उचलता येईल इतपत. याहून मोठी किंवा जाड घेऊ नका, नाहीतर ती कपाटात पडून राहील. पुढचा आणि मागचा असे दोन बर्नर मिळून तिच्याखाली येतात. होम मैदानावरच्या गड्ड्याच्या जत्रेत लोखंडी सामानाचे ठेले लागतात तिथं मिळाली तर बघा, नाहीतर लोहाराकडून कापून घ्या आणि चारी कडा घासून गोल करायला सांगा. दोन बाजूंना कड्या हव्याच. ठेवताना चारी बाजूंनी हवा खेळायला जागा सोडायची. सगळी शेगडी झाकली तर धग खाली उलटते, जाळ पिवळा होऊन काजळी धरतो, बटणं वितळतात. आणि काचेच्या टॉपवर अशी प्लेट अजिबात चढवायची नाही, काच तडकते. तुमची रेंज स्टीलच्या टॉपची आणि बिडाच्या जाळ्यांचीच घ्या.

रेंज बघायला जाताना सासूबाईंचा तवा, रोजचं पातेलं आणि कुकर पिशवीत घालून न्या. लाजू नका. ९० सेंटीमीटरमध्ये सहा बर्नर म्हणजे दोन बर्नरांमध्ये जेमतेम तीस सेंटीमीटर. कागदावर सहा असतात, भांडी ठेवली की चारच चालतात, असंही होतं. तसं वाटलं तर पाच बर्नरवाली बघा, मधला मोठा आणि बाजूंना दोन-दोन. काहींमध्ये त्या मधल्या लांबट बर्नरवर ठेवायची सुटी बिडाची ग्रिडल सोबतच मिळते. रविवारी ठेवायची, सोमवारी उचलायची. दुकानदाराला "ग्रिडल आहे का" असं विचारू नका, "उचलून खालचा बर्नर वापरता येतो का" असं विचारा आणि उचलून दाखवायला लावा. मला वाटतं तुमच्या घराला हीच सगळ्यात जवळची पडेल.

ओटा बांधायच्या आधी उंचीही मोजा. या रेंज जमिनीवर उभ्या असतात आणि वरची पातळी ३६ इंचांच्या आसपास येते. आपले ओटे ३२-३३ इंचांचे. पायांचे स्क्रू फिरवून रेंज आणखी वर जाते, खाली फारशी येत नाही. सासूबाई पाच फुटांच्या आत असतील तर तव्यावर पाण्याचा हात फिरवताना दर वेळी कोपर उचलून धरावं लागेल. भाकरी थापायची परात ठेवायला तरी शेजारचा ओटा ३२ इंचांवरच ठेवा, गवंड्यानं सगळं एका पातळीत आणायचा आग्रह धरला तरी. जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक तोंडं, एलपीजीचे बसवलेत ना, घरगुती रेग्युलेटरवर सगळे बर्नर आणि ओव्हन एकदम चालतात ना, आणि ठिणगी बंद पडली तर सोलापुरात दुरुस्तीला कोण येतं, हे तीन प्रश्न पैसे देण्याआधी. चिमणी रेंजइतकीच रुंद घ्या.

यजमानांना सांगा, डोसे होणार आहेत. फक्त रविवारी प्लेट कपाटातून काढायची, दोन बर्नरांवर चढवायची आणि नंतर धुवून पुसून तेलाचा हात लावून ठेवायची, हे काम त्यांचं आणि मुलांचं. पाच किलो त्यांना जड नाही.

नवी प्लेट आली की पहिल्या दिवशी तिच्यावर डोसा घालू नका, चिकटेल आणि सगळे लोखंडाला नावं ठेवतील. आधी गरम पाण्यानं घासून कोरडी करा, तापवून तेलाचा पातळ हात लावा, धूर निघू द्या, गार होऊ द्या. असं चार-पाच वेळा. मग अर्धा कापलेला कांदा मीठ-तेलात बुडवून तिच्यावर चांगला चोळा, कांदा काळा होईस्तोवर. सासूबाईंना विचारा, त्यांनी त्यांचा तवा असाच धरवला असणार. प्लेट त्यांच्याच हातून धरवून घ्या.

तुमची,
मावशी